अँब्युलन्समधलं मत

आमच्या ब्रिटिश पार्लमेंटमध्ये व्हिपने, म्हणजे पक्षाच्या प्रतोदाने, सभागृहात भाषण करायचं नसतं. हा कायदा नाही, रीत आहे. पण आमच्याकडे कायदा मोडलेला एक वेळ खपतो, रीत मोडलेली खपत नाही. मी सत्ताधारी पक्षाची उपमुख्य व्हिप. इतरांना दटावून, चुचकारून मतदानाला हाकत न्यायचं आणि स्वतः मूग गिळून बसायचं, हे माझं काम. लँकेशरमधले माझे मतदार विचारायचे, "हेझल, तू असतेस तरी का तिथे?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

त्या जूनमध्ये पक्षाचं घर फिरलं होतं आणि वासेही फिरायला लागले होते. घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांना सरकार भत्ता देतं, तो कापण्याचं विधेयक पंतप्रधान मारवुडने प्रतिष्ठेचं केलं होतं. "हे पडलं तर मी जातो," असं त्याने मंत्रिमंडळात सांगितलं आणि तिथेच दोघातिघांचे चेहरे खुलले. त्याच्या खुर्चीवर डोळा असलेल्यांपैकी एकही मला बरा वाटत नव्हता. शिवाय मारवुडनेच मला वर आणलं होतं. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढं मला कळत होतं.

पण माझी बहीण डोरीन आमच्या लुळ्या पडलेल्या बापाचं सगळं करत होती. नोकरी सोडून. तो भत्ता तिलाच मिळायचा. तिने एकदाही फोन करून "हेझल, तू काय करणार?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी मुख्य व्हिप गॅड्सबीने मला जिन्याखाली गाठलं.

"अगदी बरोबरीत आलंय, हेझल. आपलेच पंधराएक जण फितलेत. एम्रिसला आण."

"तो इस्पितळात आहे. नाकात नळ्या आहेत त्याच्या."

"मग नळ्यांसकट आण."

एरवी आमचा कुणी आजारी पडला, तर विरोधकांचाही एक जण मतदानाला येत नाही आणि फिट्टमफाट होते. पण वसंतात आमच्याच एका शहाण्याने न येण्याचा शब्द देऊन ऐनवेळी मत टाकलं होतं. तेव्हापासून विरोधक हात झटकून मोकळे. उरली जुनी रीत. आजारी सभासद गाडीतून आवारात आला की दोन्हीकडचे व्हिप आत डोकावतात, माणूस जिवंत आहे ना बघतात, आणि त्याचा व्हिप सांगेल त्या बाजूला त्याचं मत धरतात.

"तो आपल्या बाजूने आहे का, विचारलंस?" मी म्हटलं.

"कोण, एम्रिस प्रोबर्ट?" गॅड्सबी हसला. "अगं, बायको घर सोडून गेली त्या दिवशीसुद्धा तो आधी मत देऊन मग घरी गेला होता. तोवर ती निघून गेली होती, पण पक्ष जिंकला."

इस्पितळ पुलापलीकडेच होतं. एम्रिस उशांना टेकून जेली चिवडत बसला होता. वेल्सच्या कोळसा खोऱ्यातला हा म्हातारा. मी नवीन निवडून आले, तेव्हा स्वस्त चहा कुठे मिळतो आणि कुणाबरोबर लिफ्टमध्ये एकटीने जायचं नाही, हे दोन्ही त्यानेच मला सांगितलं होतं. बाप धडधाकट असताना मला जेवढा आवडायचा, तेवढाच हा आवडायचा.

"आलीस का गं यमाची बहीण?" तो म्हणाला. "फुलं नाहीत हातात, म्हणजे मत हवंय."

"तुम्हाला नको असेल तर मी परत जाते. खरंच जाते."

"आणि तो गॅड्सबी तुला फाडून खाईल. चल. खिडकीतून पार्लमेंटचं ते घड्याळ बघून बघून कंटाळलोय. पण डोरीन कशी आहे, ते सांग."

मी सांगितलं. पाठ गेलीय तिची, म्हटलं. त्याने जेली बाजूला ठेवली.

अँब्युलन्स आवारात उभी राहिली आणि मतदानाची घंटा वाजायला लागली. घंटा थांबेपर्यंत आत पोचायचं, नाहीतर दारं बंद. विरोधकांचा व्हिप डेस्मंड पाइक धापा टाकत आला.

"जिवंत आहात ना, एम्रिस?"

"तुझ्या पक्षापेक्षा जास्त."

"छान. हेझल, कुठल्या बाजूला धरू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात एम्रिसने माझी बाही धरली. "थांब. पक्षाचं नको सांगूस. ही व्हिपगिरी नसती, तर तू कुठे गेली असतीस, ते सांग. तेच माझं मत."

"एम्रिस, असं कुठे असतं का!"

"माझा व्हिप सांगेल ती माझी बाजू. रीतच आहे. काय रे पाइक?"

पाइकने घड्याळ बघितलं. मग डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "रीत आहे खरी. पण लवकर करा बाबांनो, घंटा."

मला म्हाताऱ्याचा राग आला. मरता मरता हे ओझं माझ्या गळ्यात कशाला? मारवुड उद्या घरी जाईल, मागे उरलेले एकमेकांचे गळे धरतील, आणि माझी वर्षानुवर्षांची कमाई मातीत. हे सगळं मला दिसलं. आणि डोरीन दिसली, बापाला कुशीवर वळवताना ओठ चावणारी.

"विरोधात," मी म्हटलं.

पाइकने मान डोलावली आणि धावत सुटला. मीही धावले. आमचे बहुतेक सगळे उजवीकडच्या, ‘होय’वाल्यांच्या दालनात शिरत होते. मी डावीकडे, ‘नाही’वाल्यांकडे वळले. दारावरच्या काळ्या कोटातल्या दारवानाने नम्रपणे अडवलं. "बाईसाहेब, तुमची माणसं पलीकडे आहेत."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि आत गेले.

विधेयक पडलं. मारवुड आकडा ऐकून उठला, कुणाकडेही न बघता. गॅड्सबी माझ्यापाशी आला तेव्हा मला वाटलं, ओरडेल. तो हळूच म्हणाला, "मी तुला त्याला आणायला पाठवलं होतं गं. तुझ्यावर विसंबून." त्याचे डोळे लाल होते. "उद्यापासून तू व्हिप नाहीस." मला त्याची मनापासून कीव आली, आणि माझीही.

आवारात अजून लख्ख उजेड होता. अँब्युलन्सवाल्या बाई मला बघून खाली उतरल्या.

"काय सांगितलंस?" एम्रिसने विचारलं. घंटेच्या गोंगाटात त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

"विरोधात. पडलं, एम्रिस. मारवुड गेला. माझंही पद गेलं. तुमच्या मनात होतं तसंच झालं ना?"

त्याने डोळे मिटले.

"मी बोललो असतो तर पक्षाबरोबरच गेलो असतो," तो म्हणाला. "विधेयक वाईट आहे हे ठाऊक असून. गेटमधून गाडी आत आली आणि जिभेवर तेच आलं बघ. सगळा जन्म तेच केलं, आता दुसरं येत नाही मला. म्हणून तुला विचारलं."

मी त्याच्या पायापाशी बसले.

"आता तुला सभागृहात बोलता येईल," तो म्हणाला. "काय बोलणार आहेस?"

"माझ्या बहिणीची पाठ गेलीय," मी सुरुवात केली. त्याने माझा हात थोपटला आणि तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.