टेबलाखालच्या बादल्या

रद्दी कागद नेणारी गाडी ऑफिसात यावी म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशींनीच साहेबांकडे शब्द टाकला होता, आणि आता तोच अंगाशी आला होता. गाडीवाले म्हणजे जुन्या कागदाचा नवा कागद करणारे लोक. पण दोनदा माल न उचलताच परत गेले, कारण कागदात चहा. आज तिसरी खेप. आजही माल ओला निघाला तर गाडी कायमची बंद आणि सगळं पुन्हा कचऱ्याच्या डोंगरावर.

साहेबांनी उपाय म्हणून भिंतींवर 'कागद कोरडा ठेवा' असे रंगीत तक्ते लावले होते. तक्ते छानच होते. लोक ते वाचत वाचत उरलेला चहा कागदांवर ओतत.

मावशींना मात्र खरं दुखणं ठाऊक होतं. अकरा वर्षं त्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादल्या उपसत होत्या. हाताशी बादली असली की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं, हे त्यांचं ठाम मत. म्हणून काल संध्याकाळी त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस बादल्या सामानाच्या खोलीत कोंबल्या आणि किल्ली कमरेला खोचली. दाराशी दोनच पिंपं ठेवली: एक कागदाचं, एक बाकी कचऱ्याचं.

सकाळी नुसता गदारोळ. हिशेबनीस केळ्याचं साल धरून उभे. "मावशी, हे टाकू कुठे?"

"चार पावलं चाला की. पाय झिजणार नाहीत."

"साहेबांना विचारलंत का?"

"गाडी गेली की विचारते."

दुपारी गाडी आली. तपासनिसानं बाही सरकवली आणि कागदाच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. अख्खं ऑफिस दारात गोळा झालेलं. पार तळातून मूठभर कागद वर आले. त्यानं ते चुरगाळून पाहिले, हुंगले.

"कोरडेठाक! पुढच्या मंगळवारी येतो."

एकच जल्लोष झाला. हिशेबनिसांनी चक्क शिटी मारली. मावशींना हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि दोन्ही त्यांनी आवरलं नाही.

साहेब चहाचा कप घेऊन पुढे आले. "जिंकलात, मावशी! आता माझी एकट्याची तरी बादली परत द्या."

मावशींनी आवाज खाली आणला. "साहेब, दोन्ही वेळा चहा तुमच्याच बादलीतला होता. मी कुणाला बोलले नाही."

साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं आणि उरलेला चहा ओतायला बेसिनची वाट धरली.