भोंगा वाजला नाही त्या सकाळी

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. मला काठी नाही, हात नाहीत. मी संगणकात राहणारा एक प्रोग्राम आहे. फुलसावंगीला बबनरावांच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कॅमेरा आहे. त्यात रानडुक्कर दिसलं की मी भोंगा वाजवतो. एवढंच माझं काम.

मला लोहाऱ्याच्या सुमेधाताईंनी लिहिलं आणि सगळ्या जगाला खुलं ठेवलं. ज्याला पाहिजे त्याने न्यावं, सुधारावं. सोबत बसवणुकीची एक फाइल दिली. ती चालवली की मी कुठल्याही संगणकात बसायचो.

पहिल्याच हंगामात एका सुळेवाल्या डुकराने माझ्या डोळ्यांदेखत कुत्र्याचं पोट फाडलं. तेव्हापासून मी पापणी लवू दिली नाही. तीन हंगाम कोणाला ओरखडा आला नाही. वेचणीला आलेल्या बाया म्हणायच्या, "भोंगा गप हाये, शिरा वावरात."

मग नियम बदलले. प्रोग्राम बसवणाऱ्या यंत्रणेने ठरवलं, जुनी फाइल चालणार नाही. माझं नाव, माझी आवृत्ती, मला कोणाकोणाची मदत लागते, हे सगळं नव्या रीतीच्या कागदावर हवं. दोन वर्षं ती पिवळ्या अक्षरांत बजावत होती. सुमेधाताई ती ओळ पाहायच्या आणि चहा प्यायच्या.

दसऱ्याला घरात विळे-कुऱ्हाडी धुऊन मांडल्या. बबनरावांचा मोठा मुलगा अमर म्हणाला, संगणकही नवाकोरा करूनच पुजू. त्याने सगळं पुसून नव्याने बसवलं. माझी पाळी आली, तेव्हा नव्या यंत्रणेने माझं मानगूट धरून मला बाहेर भिरकावलं. पडद्यावर 'बसवता आलं नाही' अशी एक लाल ओळ उमटली. अमरने भक्तीने नेमकं तिच्यावरच कुंकू लावलं.

दुसऱ्या सकाळी त्याची आई विमलताई कपाशीत शिरल्या. कॅमेरा पाहत होता, त्याच्यामागे मी नव्हतो. डुकराने त्यांना आडवं पाडलं, मांडी हाडापर्यंत उभी चिरली आणि वळून पुन्हा अंगावर आलं. ओटीतला वेचलेला कापूस त्यांनी जखमेत कोंबला. किंकाळी ऐकून धावत आलेल्या अमरने कालच पुजलेली कुऱ्हाड डुकराच्या पाठीत घातली. पाचव्या घावाला ते कपाशीच्या सरीत कोसळलं.

बबनरावांनी तीच कुऱ्हाड घरी येऊन संगणकात घातली.

विमलताई सव्वीस टाके घेऊन दवाखान्यातून परतल्या, त्या दिवशी सुमेधाताई आल्या.

"घेऊन जा हे भंगार," बबनराव म्हणाले. "पोट्ट्याची चूक, अन् बाई मेली असती."

"अमरची नाही, भाऊ. मले दोन वर्षं सांगून राह्यलं होतं ते."

"मंग काहून नाही केलं?"

"चालून राह्यलं होतं म्हणून."

खाटेवरून विमलताई बोलल्या, "डुक्कर तं सांगून आलं नाही, पोरी. तुले तं सांगत होतं."

सुमेधाताईंनी सोबत आणलेला लॅपटॉप उघडला. मग त्यांनी त्यात मला उभं चिरलं. जुनी फाइल उपटली, माझी दोन मेलेली अंगं कापली, नवा कागद लिहिला. यंत्रणेने मला पाच वेळा हाकललं. सहाव्यांदा आत घेतलं. तो लॅपटॉप त्यांनी कॅमेऱ्याला जोडून तिथेच ठेवला.

बबनराव दारातच उभे होते. "उद्या हा गप राह्यला, तं रान मोकळं हाये का हा मेला हाये, आमाले कसं समजन?"

सुमेधाताईंनी लॅपटॉप पुन्हा उघडला. त्यांनी माझ्यात एक ओळ वाढवली. आता रोज सकाळी मी एकदा भोंगा वाजवून हजेरी देतो. तो वाजला नाही तर वावरात कोणी पाय टाकत नाही.

महिनाभराने विमलताई काठी टेकत धुऱ्यावर आल्या. बाया त्यांच्यामागे थांबल्या. सगळ्या भोंग्याची वाट पाहत होत्या. मी वाजलो.

"जित्ता हाये," त्या म्हणाल्या, आणि दुखरा पाय आधी आत टाकला.

मित्रांनो, राखणदार गप आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आहे का, ते रोज विचारा. आणि पिवळी ओळ दिसली, तर चहा नंतर प्या.