तारेची आस

हेमराजने गिटारच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लाकडाला लावला. काउंटरपलीकडे उभा असलेला दुकानदार बन्सीलाल कौतुकाने बघत होता. अडाजण भागातल्या त्या काचेच्या दारांच्या वाद्यांच्या दुकानात येणारी बहुतेक पोरं आधी गिटारचा रंग बघत, मग किंमत बघत आणि मग बापाच्या तोंडाकडे बघत. हा माणूस लाकूड बघत होता.

"प्लाय आहे," म्हणत हेमराजने ती गिटार बाजूला ठेवली. "आता ती काढा. वरची."

वरची गिटार भिंतीवर सगळ्यांपासून वेगळी, एकटीच टांगलेली होती. तिला ना चकाकी होती, ना नक्षी. पुढचं लाकूड फिकं, मधाच्या रंगाचं. पाठ आणि बाजू गडद शिसवी. बन्सीलालने स्टूल घेतलं, वर चढला आणि तान्हं मूल उतरवावं तशी ती खाली उतरवली.

योगराज मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. गिटार त्याला घ्यायची होती. तो हजीऱ्याला एका कंपनीत कामाला होता आणि लिंबायतच्या त्यांच्या ग्रुपमध्ये गायचा. गणपती, नवरात्र, लग्नाच्या हळदी, जिथे बोलावणं येईल तिथे ही मंडळी जात. आयुष्यात एकदा तरी खरी, सबंध लाकडाची गिटार घ्यायची, हे गेल्या दिवाळीपासून त्याच्या डोक्यात होतं. ढोलकीवाल्या धुडकूचं म्हणणं, गिटार सगळ्या सारख्याच, पैसा नुसता नावाचा असतो. मोबाइलवर बघावं तर एक जण म्हणायचा महाग तीच खरी, दुसरा म्हणायचा लोक फसतात. शेवटी योगराजने ठरवलं होतं, हेमराजभाऊ सांगेल तसं करायचं.

त्यात नवल काही नव्हतं. लिंबायतमध्ये सुराचा प्रश्न आला की लोक हेमराजकडे बोट दाखवत. तो यंत्रमागांच्या शेडमध्ये मास्तर होता. शेडच्या दारात उभं राहून, त्या सगळ्या खडखडाटातून नेमका कुठला माग बिघडायला आलाय हे तो सांगायचा आणि कारागीर जाऊन बघत तर तसंच असे. भजनी मंडळाची पेटी दुरुस्त होऊन आली की आधी त्याच्यासमोर वाजायची, मग देवळात जायची.

हेमराजने गिटार मांडीवर घेतली. तारा जुळवल्या आणि एकच सूर छेडला.

फार वर्षांपूर्वी नाशिकला एका लग्नात त्याने अशी गिटार एकदा हातात घेतली होती. पाहुण्या वादकाची होती. जेवणाची पंगत बसली होती म्हणून स्टेज रिकामं होतं. त्याने घाबरत घाबरत एक तार छेडली होती आणि तो सूर संपायची वाट बघत उभा राहिला होता. तार गप्प झाली तरी लाकडात सुराची आस रेंगाळत होती. त्या आसेच्या जोरावर पुढची कितीतरी वर्षं तो ग्रुपमधल्या सगळ्यांशी भांडला होता, की महाग गिटार म्हणजे फुकटची मिजास नाही. तिची किंमत तार छेडल्यानंतर कळते.

आता त्याने पुन्हा छेडली. मग पहिली, प्लायची गिटार घेऊन तोच सूर वाजवला. मग मधल्या किमतीची घेतली. मग परत ही.

सगळ्यांचा आवाज सारखाच येत होता. गोल, जाड, गोधडीत गुंडाळल्यासारखा.

त्याने मान वर केली. योगराजने डोळे मिटले होते. चेहरा इतका तृप्त झाला होता की हेमराजला त्याचा रागच आला. किंमत आधी कळली की माणसाचे कान भुलतात, त्याच्या मनात आलं.

"हे सबंध लाकूड नाही, शेठ," तो बन्सीलालला म्हणाला. "वरून पातळ पापुद्रा चिकटवलाय. आवाज बंद आहे हिचा."

बन्सीलाल रागावला नाही, पण त्याच्या कपाळावर एक आठी आली. त्याने खिशातून मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावून गिटारच्या पोटावरच्या गोल तोंडाशी धरला आणि हेमराजला बघायला सांगितलं. हेमराज वाकला. लाकडाच्या वरच्या रेघा कडेवरून तशाच आत उतरल्या होत्या, एकही न चुकता. खोट नव्हती. लाकूड अस्सल होतं.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि त्याने शर्टाच्या कोपऱ्याने गिटारवरचा स्वतःच्या श्वासाचा डाग पुसला.

योगराजने त्याच्या कोपराला हात लावला. हेमराज दचकून वळला. दुकानातली मुलगी पाण्याचे ग्लास घेऊन त्याच्या मागे उभी होती आणि ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. ट्रे एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत ती हसली.

"आवाज द्यायचा ना, बेटा," हेमराज म्हणाला.

मुलगी योगराजकडे बघत राहिली. योगराजने पाणी उचललं आणि प्यायला.

"एक काम करू," हेमराज म्हणाला. त्याला आता हे प्रकरण निकालात काढायचं होतं. "मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तू तिन्ही गिटारी वाजव, पाहिजे त्या क्रमाने. मला सांगू नको कुठली ते. पातळ तार घे, पाचव्या पट्टीवर बोट नुसतं टेकव, दाबू नको, आणि हलक्या हाताने छेड. बारीक, शिट्टीसारखा सूर निघतो. लाकडाचा खरेखोटेपणा तिथे उघडा पडतो. मला फरक लागला तर ही घे. नाही लागला तर प्लायवाली घे आणि सुखाने झोप."

योगराजने मान हलवली. हेमराज भिंतीकडे वळला.

भिंतीवर गिटारचे पट्टे टांगले होते आणि तारांच्या पाकिटांच्या माळा. एसीचा गार झोत मानेवर येत होता. पाकिटांवर कुठल्या कुठल्या देशांची नावं होती. ती वाचत तो उभा राहिला. योगराज कुठून सुरुवात करावी हे ठरवत असेल. हा माणूस सगळ्यालाच वेळ लावतो, गाण्यातसुद्धा अंतरा उचलायला उशीर करतो.

"हं, कर सुरू," हेमराज म्हणाला.

तो थांबला. त्याने हात पाठीमागे बांधले, मग सोडले.

"योगराज, कर ना."

मग तो वळला.

योगराजच्या मांडीवर तीच वरून उतरवलेली गिटार होती. डाव्या हाताचं बोट तारेपासून नुकतंच उचललेलं, उजवा हात अधांतरी. दिव्याच्या उजेडात सगळ्यात पातळ तार अजून थरथरत होती. एका रेघेच्या जागी धूसर पट्टी दिसत होती. बन्सीलालची मान एका बाजूला कललेली होती, एखादा सूर शेवटपर्यंत ऐकणारा माणूस कलवतो तशी. हेमराजशी नजरानजर होताच त्याने ती सरळ केली आणि काउंटरवरची पावतीची वही उगाच पुढे-मागे सरकवली.

"तिन्ही वाजवल्या, भाऊ," योगराज म्हणाला.

बन्सीलालने रिमोट उचलला.

"ये एसी बहुत आवाज करता है," तो म्हणाला आणि त्याने एसी बंद केला.

पण पुन्हा एकदा करून बघू, असं त्यानंतर कोणी म्हटलं नाही. हेमराजनेही नाही. तो स्टुलावर बसला. तळवा कानावर दाबून त्याने एकदम सोडला, नदीतून निघाल्यावर कानातलं पाणी काढायला करतात तसं. मग दुसऱ्या कानाला तसंच केलं. योगराज आपल्याकडे बघतोय हे कळल्यावर हात खाली आणला.

"फरक आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"नीट सांग. कसा आहे?"

योगराजने प्लायच्या गिटारकडे बघितलं, मग मांडीवरच्या.

"त्या दोघी बोलतात आणि गप्प होतात," तो म्हणाला. "हिचं बोलणं झालं तरी ही जात नाही. तुम्ही 'कर सुरू' म्हणालात ना, तेव्हा हीच वाजत होती."

हेमराजने हात पुढे केला. योगराजने गिटार त्याच्याकडे दिली. त्याने ती वाजवली नाही. नुसती मांडीवर आडवी ठेवली आणि शिसवी बाजूवरून अंगठा फिरवला.

"मग घे," तो म्हणाला.

"राहू द्या, भाऊ. लहान नाही रक्कम. तुम्हीच म्हणत होतात, फरक लागला तरच."

"तुला लागला ना?" हेमराजने गिटार परत दिली. "ऐकू येतंय तोवर घे."

येताना मोटारसायकल योगराज चालवत होता आणि हेमराज मागे गिटारची पेटी दोघांच्या मध्ये उभी धरून बसला होता. तापीच्या पुलावर वारा होता. योगराज काहीतरी बोलत होता. पेटीच्या कडेवरून त्याचा गाल हलताना दिसत होता.

"हं," हेमराज म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "हं."

आणि आपण नेमकं कशाला हं म्हटलं, हे पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं. मोटारसायकलवर असंच होतं, वाऱ्यात कोणालाच ऐकू येत नाही, असं तो आजवर धरून चालला होता. शेडमध्येही कोणाला ऐकू येत नाही. तिथे सगळेच ओठांवरून बोलतात, हाताने बोलतात. गावाकडून आलेला नवा माणूसही दोन महिन्यांत ती भाषा शिकतो. त्याने ती वीस वर्षं बोलली होती. मागच्या महिन्यात दारालगतचा माग तुटून बंद पडला, तेव्हा तो दारातच उभा होता. शेडचा शेठ हसून म्हणाला होता, मास्तर, आज कान घरी राहिले वाटतं. तोही हसला होता. पावसाच्या आधी शेठने एका नव्या मास्तरला शेड दाखवायला आणलं होतं. कशाला, हे त्याने विचारलं नव्हतं.

पूल संपल्यावर योगराजने गाडी कडेला घेतली, वळून बसला आणि हेमराजच्या चेहऱ्याकडे तोंड करून बोलला. त्याच्या कंपनीत दरवर्षी एका लहानशा बंद खोलीत बसवून कानांची तपासणी करतात. कानात घालायला बोळे देतात. न घालता आत गेलं तर परत पाठवतात. त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, उद्याच जाऊन येऊ.

"गेलेलं परत येतं का?" हेमराजने विचारलं.

योगराज गाडीच्या आरशाकडे बघत राहिला.

"उरलेलं राहतं, म्हणतात," तो म्हणाला.

लिंबायतच्या तोंडाशी हेमराज उतरला आणि गल्लीतून चालत घरी आला. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. पडद्यावरची बाई ओरडत असावी, तिचं तोंड मोठं उघडलेलं होतं. घराच्या उंबऱ्याशी त्याची बायको सुषमा साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. दिवस कलला होता आणि उरलेला उजेड ती साडीवर घेत होती. त्याला बघताच तिने काम खाली ठेवलं.

"लिधी का गिटार योगराजनी?" तिने गावाकडच्या बोलीत विचारलं.

"लिधी. भारीवाली."

"इतली महाग शे, तं आवाज बी तसा शे का?"

हेमराजने चपला काढल्या, पाय धुतले आणि आत येऊन भिंतीला टेकून बसला.

"योगराज म्हणस, शे," तो म्हणाला.

सुषमाची बोटं डिंकाने चिकट झाली होती. ती एकमेकांवर घासत ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्याची मुलगी बाहेरून आली. दारातून तिने आईला काहीतरी सांगितलं, मग चार पावलं चालून थेट त्याच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, पप्पा, क्लासची फी भरायचीय. पप्पांशी बोलायचं तर समोर जाऊन बोलायचं, लांबून ओरडायचं नाही, हे सुषमाने दोन्ही पोरांना लावलेलं वळण होतं. पाहुण्यांसमोर हेमराजला त्याचा अभिमान वाटायचा. आजकाल कुठल्या घरात पोरं बापाचा इतका मान ठेवतात, असं तो म्हणायचा आणि सुषमा चहा आणायला आत निघून जायची.

त्याने मुलीला हो म्हटलं. ती उठून गेली.

स्वतः सुषमाही बोलण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावायची. नेहमी. ही सवय तिला पूर्वीपासून नव्हती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती चुलीपाशी बसून, पाठमोरी, त्याच्याशी गप्पा मारायची.

"सुषमा," तो म्हणाला. "तुले कव्हयपासून माहीत शे?"

तिने काय, म्हणून विचारलं नाही. खोलीत अंधार भरला होता आणि तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मांडीवरची साडी तिने घडी न मोडता बाजूला ठेवली, उठली, भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब दोन-तीनदा लुकलुकली आणि लागली. मग ती येऊन त्याच्या समोर बसली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी, आणि सांगू लागली.