आठ आठवड्यांचा उशीर

उद्धवराव पुण्याला जाऊन नक्की काय काम करतात, हे त्यांच्या आजोळी, चऱ्होलीच्या तापकिरांत, कुणालाच धड सांगता येत नसे. त्यांचे मामा दौलतराव चारचौघांत म्हणत, "आमचा उद्धव सरकारला बाजारभाव समजावून देतो." त्यात फारसं खोटं नव्हतं.

एक्कावन्न सालच्या नोव्हेंबरात बऱ्याच वर्षांनी बँकदर वाढला. पैसा महाग झाला की भाव उतरतात, हे पुस्तकांत होतंच. पण मुंबईत महाग झालेला पैसा चाकणच्या आठवडे बाजारापर्यंत पोचतो का, आणि पोचायला किती दिवस लावतो, हे कुणी मोजलं नव्हतं. उद्धवरावांनी ते मोजायला घेतलं. अर्थमिती हा शब्द तेव्हा इतका नवा होता, की पुण्याच्या ज्या अर्थशास्त्राच्या संस्थेत ते होते तिथले जुने प्राध्यापक तो थट्टेनं उच्चारत. उद्धवराव दापोडीच्या खोलीतून सकाळी निघत आणि दिवसभर समीकरणं मांडत. शेजारच्या टेबलावर गणनेचं काम बघणाऱ्या सुमनताई हातानं फिरवायच्या यंत्रावर ती सोडवत. एकेका समीकरणाला महिना महिना लागे.

भाव येत ते पाच बाजारांतून. प्रत्येक ठिकाणी संस्थेनं पन्नास सालापासूनच एक माणूस नेमलेला होता. त्यानं बाजाराच्या दिवशी ज्वारी, गूळ, कांदा, तेल असे बारा जिनसांचे भाव फॉर्मवर भरून टपालानं पाठवायचे आणि महिन्याला पंधरा रुपये मनीऑर्डरनं घ्यायचे. चार बाजारांच्या आकड्यांचा काही मेळ बसत नव्हता. चाकणचे आकडे मात्र सरळ होते. मुंबईत भाव उतरले, की बरोबर आठ आठवड्यांनी चाकणला उतरत. चढले, तरी तसंच.

उद्धवरावांनी त्यावर निबंध लिहिला आणि पंचावन्न साली तो छापून आला. दिल्लीच्या एका समितीनं आपल्या अहवालात त्याचा आधार घेतला. उरलेल्या चौघांना उद्धवरावांनी स्वतःच्या हातानं पत्रं घातली: तुम्ही कामात हयगय करता, चाकणच्या भिमाजींकडे बघा. भिमाजींना शाबासकीचं पत्र गेलं.

दुसऱ्या वर्षी एका लग्नात पंगतीला बसलेले असताना दौलतरावमामा सहज बोलून गेले, "त्रेपन्नला पटकीची साथ आली, तवा मामलेदारानं चाकणचा बाजार तीन शनिवार बंद ठेवला व्हता. आमचा कांदा घरातच सडला बघ."

उद्धवरावांचा हात पानावरच थांबला. तीन शनिवार बाजार बंद असल्याची नोंद त्यांच्याकडे कुठेच नव्हती. सोमवारी संस्थेत जाऊन त्यांनी जुने फॉर्म काढले. तिन्ही शनिवारचे बाराही भाव व्यवस्थित भरलेले होते. खाली भिमाजींची सही होती.

ते एस.टी.नं चाकणला गेले. विचारत विचारत घर सापडलं. दारात एक बाई शेंगा फोडत बसली होती.

"भिमाजी आहेत का? मी पुण्याच्या संस्थेतून आलोय."

बाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला.

"त्ये जाऊन पाच वर्सं झाली, सायेब," ती म्हणाली. "एक्कावनच्या पावसाळ्यात. मी त्यांची बायकू, सुभद्रा."

"मग फॉर्म?"

"म्या भरत व्हते."

उद्धवराव उंबऱ्यावरच बसले. सुभद्राबाईंनी पाणी आणून दिलं. आवाज जरासुद्धा न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, नवऱ्याचं अक्षर आणि सही गिरवता येई; मनीऑर्डर पोस्टमन घरच्या माणसाच्या हातात देऊन जाई. शनिवारी लोकांच्या शेतात मजुरीला जावं लागे, बाजारात फिरायला वेळ कुठला? आणि बाईमाणसानं दुकानोदुकानी भाव विचारत हिंडलं, तर दुकानदार सांगतील होय?

"मग आकडे कुठून आणायचा, वहिनी?"

"पेपरातनं. मुंबईचा भाव छापत्यात न्हाई का? त्यातनं दोन आणे कमी करायचे. कवा तीन." त्यांनी आतल्या रद्दीच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "इथलं वाचनालय दोन म्हैने पेपर जपून ठेवतंय, मग रद्दीत काढतंय. वाण्याकडनं त्ये मी मागून आणत व्हते."

दोन महिने. उद्धवरावांनी मनात हिशेब केला, पण करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाच वर्षं ज्याला ते पैशाची चाल म्हणत होते, ती रद्दीची चाल होती.

"चूक झाली व्हय, सायेब?" सुभद्राबाईंनी विचारलं. "तुमचं पत्र आलं व्हतं, काम लई चांगलं हाय म्हणून. म्हनलं, मग चालतंय."

उद्धवरावांनी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला. ते उठून एस.टी.कडे चालू लागले.

पुढचे दोन महिने सुमनताईंनी चाकण वगळून सगळं पुन्हा सोडवलं. शेवटचा आकडा कागदावर उतरवून त्या म्हणाल्या, "काहीच नाही, उद्धवराव. मी तीनदा ताडून बघितलं. बँकदर वाढो की न वाढो, या चार बाजारांना त्याचा पत्ता नाही."

ज्यांना उद्धवरावांनी हयगयीची पत्रं घातली होती, त्यांनी ऊनपावसात उभं राहून खरे भाव पाठवले होते. खरे भाव असेच वेडेवाकडे होते.

उद्धवराव संचालकांकडे गेले. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चूक मान्य करणारं टिपण छापायला पाठवतो," उद्धवराव म्हणाले.

"पाठवा. माझी ना नाही. पण दिल्लीचा अहवाल आता कोण बदलणार? आणि बँकदर काय तुमच्या निबंधावर ठरतो?" ते हसले. "ठरत नाही, एवढंच समाधान माना."

टिपण नऊ महिन्यांनी छापून आलं, शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या वर. त्यावर कुणाचं एक पत्रसुद्धा आलं नाही. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात बँकदर पुन्हा वाढला, तेव्हा पुण्यातल्या एका व्याख्यानात वक्ते सांगत होते, "खेड्यांत याचा परिणाम दिसायला आठ आठवडे लागतील, हे आता सिद्ध झालेलं आहे." मागच्या रांगेतून उद्धवराव उभे राहिले. अध्यक्षांनी प्रश्न शेवटी विचारा म्हणून त्यांना हाताच्या खुणेनं खाली बसवलं. शेवटी आभार झाले आणि लोक उठले.

सुभद्राबाईंचे पंधरा रुपये टिपण लिहिलं त्याच महिन्यात बंद झाले होते. उद्धवराव त्यांना भेटायला म्हणून एकदा गेले, तर घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "माहेरी गेली. तिकडं तरी कोन हाय म्हना, एक भाऊ हाय, त्यो दारुडा."

चाकणला दुसरा माणूस नेमायला संस्थेकडे पैसे नव्हते. मग उद्धवराव स्वतःच दर शनिवारी रजा टाकून जाऊ लागले. पुन्हा पहिल्या आठवड्यापासून आकडे जमवायचे म्हणजे कामाला येईल अशी रांग तयार व्हायला सहा-सात वर्षं हवी होती. त्यांचं वय तेव्हा अडतीस. होईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुकानदार आधी टाळत, मग सांगू लागले. एक जण सांगताना दोन आणे वाढवून सांगतो आणि दुसरा सेल्सटॅक्सच्या भीतीनं उतरवून सांगतो, हे उद्धवरावांच्या हळूहळू लक्षात आलं. खरा भाव असा एकच नव्हता. तो ज्या घटकेला गिऱ्हाईक पिशवी पुढे करी, तेव्हाच ठरे आणि तिथेच संपे. तरीही ते लिहीत राहिले.

चौदा महिन्यांनी संस्थेनं बाजारभावांची योजनाच बंद केली. सुमनताईंची बदली ग्रंथालयात झाली. उद्धवरावांना पिंपरीला नव्या निघालेल्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम मिळालं. शंभर बाटल्यांतल्या किती फुटक्या निघाल्या, ते लिहायचं. पगार दुप्पट होता. घरी सगळ्यांना आनंद झाला.

कारखान्यात जायच्या आदल्या शनिवारी ते चाकणला गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एका गुळवाल्यापुढे उभं राहून त्यांनी भाव विचारला.

"किती घालू?" गुळवाल्यानं तराजू उचलत विचारलं.

"नको. नुसता भाव हवा होता."

गुळवाल्यानं तराजू खाली ठेवला आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, "या बाई, तुम्ही या पुढं."

उद्धवराव बाजूला सरकले.