तीन भोकांची कढई

मित्रांनो, खिडकीतली पालकाची कुंडी म्हणून तुम्ही मला ओळखत असाल. पण मी कुंडी नव्हे. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. या मातीखाली माझ्या पोटाला तीन भोकं आहेत. ती कशी पडली, ते आज सांगते.

एका लोहाराने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून अंगावर आहेत. हात फिरवलात तर बोटांना लागतील. या घरातल्या आजी तेव्हा नुकत्याच संसाराला लागल्या होत्या. दोन खोल्या, एक शेगडी आणि मी. आजींचा नियम होता, लोखंडात रांधावं, पण लोखंडात ठेवू नये. पालेभाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, वर लिंबू पिळायचं. मग मला धुवायचं, आचेवर कोरडं करायचं आणि आतून तेलाचं बोट फिरवायचं. त्या बोटाची मला इतकी सवय झाली, की ते फिरल्याशिवाय दिवस संपला असं वाटतच नसे.

शेजारीण एकदा नाक मुरडून म्हणाली, "अहो, तुमची भाजी अशी काळपट का हो?"

"भाजी काळपट आहे म्हणून तर पोरं लालबुंद आहेत!" आजी म्हणाल्या.

माझ्या अंगातलं कणभर लोखंड अन्नात उतरतं आणि ते रक्ताच्या कामी येतं, हे त्यांना त्यांच्या आईनेच सांगितलं होतं.

पुढे आजींची मनगटं दुखू लागली. मुलाने एक हलकी, गुळगुळीत नॉनस्टिक कढई आणली आणि मी फळीवर गेले. एके दिवशी आजीही गेल्या. मला भंगारात द्यायला मुलाचा जीव होईना. तो विजेची कामं करणारा, हत्यारं घरातच. त्याने माझ्या तळाला तीन भोकं पाडली, माती भरली, रोप लावलं आणि मला खिडकीत ठेवलं. "आता आई रोज दिसेल," असं म्हणून त्याने डोळे पुसले. त्याच्यावर मी कशी रागावणार? मायेपोटीच केलं होतं त्याने. पण आच मला पुन्हा मिळणार नव्हती.

त्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायची कमी आणि गिरक्या जास्त घ्यायची. बारावं लागलं आणि ही भिंगरी थांबली. जिना चढताना मध्येच बसू लागली. ओठ पांढुरके पडले. आई म्हणायची, "आळशी झालीय नुसती!" बाप जेवण झालं की तिच्यापुढे कडक चहाचा कप सरकवायचा, "घे, तरतरी येईल."

मग एका दुपारी ती माझ्यापाशी आली. इकडेतिकडे पाहिलं, चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. मित्रांनो, त्या पोरीच्या रक्ताला लोखंड हवं होतं आणि ती नेमकी माझ्याकडेच आली होती. पण आता माझ्यापाशी द्यायला मातीच उरली होती. ओरडून सांगावंसं वाटे. पण कढईला कान असतात, तोंड नसतं.

"चिमण्या माती उकरतात वाटतं," म्हणत बाप आणखी माती भरायचा.

शेवटी आईला तिच्या दातांत माती दिसली. तिने हात धरून पोरीला दवाखान्यात नेलं. परतल्यावर ती नवऱ्याला सांगत होती, "रक्तात लोह फार कमी आहे. त्यामुळेच माती खावीशी वाटते कधीकधी. गोळ्या दिल्यात, जंताचं औषध दिलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, लोह लागतं थोडंसंच, पण रोज लागतं. जेवणात लिंबू हवं, चहा जेवणाला लागून नको. आणि विचारत होत्या, घरात लोखंडाची कढई आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, होती."

बाप खिडकीपाशी आला. खालून हात घालून त्याने माझं एकेक भोक चाचपलं.

आठवड्याने नवी कढई आली. ओली राहिली आणि चार दिवसांत तांबेरली. आई ती टाकून द्यायला निघाली, तेव्हा भिंगरी म्हणाली, "थांब गं आई! आजी कशी करायची, मला ठाऊक आहे." तिने गंज घासून काढला, कढई आचेवर सुकवली, तेलाचं बोट फिरवलं. लहानपणी पाहिलेलं ती विसरली नव्हती.

भिंगरी बरी झाली, ती मुख्यतः गोळ्यांनी. त्याला काही महिने लागले. खोटं श्रेय मी घेणार नाही. परवा ती अख्खा जिना एका दमात चढली आणि वर येऊन तिने एक गिरकी घेतली.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं बाजूला काढण्याआधी, ते काय देत होतं हे घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि कोणी दमून बसलं तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे ओठ पाहा.

माझ्यातला पालक आता नव्या कढईत शिजतो. त्याचा वास आला की मला आच आठवते. भांडी आवरून झाली की भिंगरी खिडकीपाशी येते आणि बोटाला उरलेलं तेल माझ्या काठावर फिरवते. मग माझा दिवस संपतो.