विक्रीसाठी नाही

ही गोष्ट २०२२ सालची. करोनात बंद पडलेल्या शाळा पुन्हा भरायला लागल्या होत्या आणि कर्नाटकातल्या भालकी तालुक्यातली, घरी मराठी बोलणारी पोरं कन्नड वर्गात मुक्यासारखी बसत होती. अशाच पोरांना पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या नलिनीबाईंना ते बघवेना. त्यांनी एक लहानसं पुस्तक केलं, ‘चिमणी आणि गुब्बी’; गुब्बी म्हणजे कन्नडमधली चिमणीच. पानापानावर चित्र, खाली घरचा मराठी शब्द आणि शाळेतला कन्नड शब्द. चित्रं तालुक्यातल्याच मेहकर गावच्या गंगव्वाची. ती शेतात राबणारी बाई, पण सणाला तिनं भिंतीवर चुन्यानं काढलेले बैल बघायला येणारेजाणारे थांबायचे.

चित्रं घेताना बाईंनी तिला शब्द दिला होता, याचा कुणी धंदा करणार नाही. कडगंचीला नोकरी करणाऱ्या संकर्षणनं, त्यांच्या भाच्यानं, पुस्तक इंटरनेटवर ठेवलं. शेवटच्या पानावर बाईंनी मुद्दाम छापून घेतलं: शब्द नलिनीबाई, चित्रं गंगव्वा, कुणीही छापावं, वाटावं, विक्रीसाठी नाही. दोनशे प्रती त्यांनी स्वतः शाळांमधून फुकट दिल्या.

दिवाळीनंतर जनवाड्याहून सुधारानीचा फोन आला. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता तिथल्या शाळेत शिक्षिका.

“बाई, तुमचं पुस्तक बाजारात विकायलेत. वीस रुपयाला.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाई संकर्षणला घेऊन जनवाड्यात हजर. बांगड्या, फुगे, केसांच्या पिना आणि मध्ये पुस्तकांची थप्पी. दुकानवाला मडिवाळप्पा दाभणानं झेरॉक्सची पानं शिवत बसला होता.

“कुणाला विचारून विकायलास हे?”

“विचारायचं कुणाला, अक्का? नावच न्हाई त्याच्यावर.”

बाईंनी पुस्तक उलटं केलं. शेवटचं पान नव्हतंच.

“पान कुठं गेलं?”

मडिवाळप्पा जरा घुटमळला. “त्याच्यावर विक्रीसाठी न्हाई असं होतं. तसलं कोण घेईल? सरकारी माल चोरून आणला म्हणतील. म्हणून पानच काढलं.”

“मावशी, यानं अट मोडली,” संकर्षण म्हणाला. “करणाऱ्यानं घातलेली अट कायद्यात चालते. नोटीस धाडली तर विक्री बंद करावी लागेल याला.”

“धाडा की,” मडिवाळप्पा म्हणाला. मग बाईंकडे निरखून बघत, “तुम्हीच व्हय त्या? माझी नात याच्यावरनंच वर्गात बोलाय लागली, बाई. शाळेत मागितलं तर म्हणले, कपाटात हाय, फाटलं तर तपासणीला उत्तर कोण देणार? मग काय करायचं, इंटरनेटवरनं काढून छापलं.”

बाईंना आपलं कपाट आठवलं. त्यांच्याही शाळेत एकदा पृथ्वीचा गोल आला होता, फुकट. कागदाच्या वेष्टनासकट त्यांनी तो कपाटात ठेवला, किल्ली कमरेला. साहेब तपासणीला आले की तेवढा बाहेर निघायचा. पोरांनी त्याला कधी हात लावला नाही. हे सगळं ठाऊक असून आपण दोनशे पुस्तकं तसल्याच कपाटांत दिली.

नोटिशीचं त्या एकट्या ठरवू शकत नव्हत्या. शब्द गंगव्वाला दिला होता. तिथून थेट मेहकर.

गंगव्वा तुरीच्या शेंगा सोलत होती. हात पुसून तिनं पानं उलटली. “बैल बरा उठलाय.” शेवटी पोचली आणि थांबली. “माझं नाव कुठाय?”

“काढलं त्यानं. विकता यावं म्हणून.”

“विकू दे की. मी काय बैल माघारी आणून त्याला चारा घालणार हाय? पण नाव कामून काढलं? रेशन कार्ड सोडलं तर ते कुठं छापलंच न्हाई आजवर.”

“धंदा होणार नाही असा शब्द दिला होता मी तुला.”

“तुम्ही दिला, अक्का. मी मागितला कुठं?”

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. त्या संकर्षणकडे वळल्या. “पण उद्या एखाद्या बड्या प्रकाशकानं घेतलं आणि बाकीच्यांना छापू नका म्हणाला तर?”

“त्याला दुसरी अट आहे. विका, पण नावं काढू नका, आणि तुम्ही छापलेलंही इतरांना छापू द्या. फक्त, मावशी, एकदा मोकळं केलेलं परत बांधता येत नाही.”

“बांधायचंच नाही. गंगव्वा, तुझं काय?”

“नाव पहिल्या पानावर टाका. शेवटचं पान लोक काढतेत.”

पुढं अट बदलली, आणि मडिवाळप्पा ते पुस्तक राजरोस आळंदपर्यंतच्या बाजारांत घेऊन गेला. नावाशिवाय विकणारा कुणी दिसला की त्याच्याशी भांडायचा. उदगीरच्या एका प्रकाशकानं रंगीत प्रत काढली, आणि औरादच्या कुणा रत्नम्मांनी त्याच प्रतीवरून तेलुगू शब्दांची तिसरी ओळ घातली. सुधारानी मुख्याध्यापिका झाली. तिच्या शाळेत पुस्तकं आता खिडकीत असतात, कडा मळलेल्या. संकर्षण अजून कडगंचीला आहे. गंगव्वा नाव लिहायला शिकली, आणि आता भिंतीवरल्या बैलाखालीही ते घालते.

नलिनीबाईंना हल्ली नीट दिसत नाही. मागच्या वर्षी त्यांनी मडिवाळप्पाकडून एक प्रत घेतली. तो पैसे घेईना.

“विकायलास ना?” बाई म्हणाल्या. “मग घे.”