पिवळ्या दिव्याची कावीळ

नेत्रमहाराजांच्या सभागृहाबाहेर सकाळपासून माणसं भिंतीला टेकून उभी होती. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या खांद्यावर आजारी बाप, आणि सगळ्यांचे डोळे एकाच दाराकडे. आत पिवळं जायचं आणि बाहेर पांढरं यायचं, अशी त्या दाराची ख्याती.

आत खिडक्यांना जाड पडदे आणि मोठा पिवळा दिवा. दिव्याखाली खुर्ची, खुर्चीसमोर काचेचं यंत्र. माणूस बसला की यंत्र त्याच्या डोळ्यांचा फोटो काढी, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागाला बारीक रेघ घाली, आणि यंत्राचा पडदा लाल होई. कावीळ! मग काही दिवस महाराजांच्या हातचं पाणी. मग आतल्या शुद्धिकक्षात दुसरा फोटो, आणि पडदा हिरवागार. बायका हुंदके देत पायांवर लोळण घेत.

"यंत्राला पोट नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही," महाराज सांगत. "यंत्राला जीभ नाही, म्हणून ते माझ्या तोंडून बोलतं."

पोट महाराजांना मात्र होतं. ते बोलण्याच्या तालावर हलत असे.

तिसऱ्या रांगेत धाकटी बसली होती, दात आवळून. शेजारी दादा आणि आई. आईच्या पित्तनलिकेत खडा अडकला होता, कावीळ त्यानेच झाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन उद्याचं ठरवलं होतं आणि बजावलं होतं, आता उशीर जिवावर बेतेल. पण गेल्या आठवड्यात यंत्राने आईला हिरवं केलं, आणि आईने डॉक्टरांच्या नावाने हात झटकले. आज ती आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगणार होती. बसल्या जागी ती दोन्ही दंड खाजवत होती. खाजवून खाजवून कातडीवर रेघोट्या उठल्या होत्या.

"इथे तोंड उघडलंस तर घराचं दार बंद," दादाने येतानाच धाकटीला दम भरला होता. तीही गप्प बसणारी नव्हती. बहीण-भावांत आठवडाभर नुसत्या ठिणग्या उडत होत्या.

खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्याभोवती यंत्राने ओढलेली रेघ पाहिली आणि धाकटी चमकली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला गुलाबी ठिपका रेघेने नेमका वगळला होता. ही रेघ तिच्या ओळखीची होती. दिवसभर ती तेच काम करी. एका खोलीत ओळीने संगणकाचे पडदे मांडलेले, प्रत्येक पडद्यावर परक्या माणसांचे डोळे, आणि मुली त्या डोळ्यांच्या पांढऱ्याभोवती ठिपका ठिपका जोडत रेघ ओढायच्या, पिवळा की पांढरा ते सांगायच्या. अशा हजारो फोटोंवरून सॉफ्टवेअर शिकायचं. ते बनवलं होतं घरोघरी फिरणाऱ्या नर्सबाईंसाठी, संशय आला की रोग्याला डॉक्टरांकडे धाडायला. महाराजांनी ते कुठून तरी पैदा केलं होतं आणि देवाच्या नावावर खपवलं होतं.

त्या खोलीतल्या मोठ्या बाई एकच ओरडा करायच्या. डोळा नंतर, आधी पांढरं शोधा. कॉलर, दात, भिंत, काहीही. तेच पिवळं दिसलं तर दिवा पिवळा आहे, फोटो बाजूला टाका. एका नव्या मुलीने हे ऐकलं नाही आणि झुंबराखाली जेवणाऱ्या अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ लावून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, नवरदेवाच्या शुभ्र धोतरालाही औषध लिहून दे.

एवढ्यात मोठ्या पडद्यावर आईचे दोन फोटो झळकले. आधीचा आणि नंतरचा. टाळ्या कडाडल्या. धाकटीने सवयीने आधी पांढरं शोधलं. आईचे केस. लहानपणी ज्या केसांत तोंड खुपसून ती झोपायची, ते आता कापसासारखे झाले होते. पहिल्या फोटोत ते हळदीत बुचकळल्यासारखे. दुसऱ्यात निळसर, चांदण्यात ठेवल्यासारखे.

ती उभी राहिली. दादाने मनगट धरलं, तिने हिसडून सोडवलं.

"महाराज, माझ्या आईच्या केसांनाही कावीळ झाली होती का?"

सभा खवळली. कुणी तिला बसवायला धावलं, कुणी तिच्या संस्कारांचा उद्धार केला. महाराजांनी हात वर केला. शंका हाच मोठा रोग, पोरीला पाणी द्या, असं ते गोड आवाजात म्हणाले.

दादाच्या अंगाची लाजेने लाही लाही झाली होती. बहिणीचं थोबाड बंद करायला तोच पुढे झाला आणि खुर्चीत बसला. "काढा माझा फोटो. मला कधी साधी सर्दी होत नाही."

पडदा लाल झाला.

दादाचा चेहरा उतरला, पण महाराज तयारीचे होते. दोष घरातच भिनलाय, ते म्हणाले, आणि सभा अधिकच भारावली. लोकांनी हात जोडले. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा खिडकीशी गेली, तिने खिडकीचा पडदा बाजूला ओढला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पिवळा दिवा विझला. दुपारचा उजेड खुर्चीवर पडला.

"आता काढा."

महाराजांचे चेले धावले, पण मूल कडेवर घेतलेली एक बाई वाटेत आडवी उभी राहिली. "काढू द्या की. फोटोच तर आहे."

दादाने स्वतःच यंत्राचं बटण दाबलं. पडदा हिरवा. ना पाणी, ना मंत्र, ना आठवडा. कावीळ पळून गेली होती.

"आणि दुसऱ्या फोटोत आईचे केस निळसर दिसतात, म्हणजे शुद्धिकक्षात निळसर दिवा आहे," धाकटी म्हणाली. "त्यात पिवळा डोळाही पांढरा दिसतो. रोग तुमच्यात नाही, दिव्यात आहे. निदान सगळ्यांच्यात तरी नाही." ती आईकडे वळली. "आई, तू ये."

आई उठली. खुर्चीपर्यंत येताना तिने कुणाचाच हात धरला नाही. उजेडात बसली, डोळे उघडे ठेवले.

पडदा लाल झाला.

दादाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईने त्याच्याकडे बघितलं, मग महाराजांकडे. ते खिडकीचा पडदा पुन्हा लावून घ्या म्हणून चेल्यांना खुणावत होते.

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली. "मी तुमच्या पाया पडत होते तेव्हा." तिने पदर सावरला. "दादा, गाडी काढ. उद्यापर्यंत कशाला थांबायचं."

दवाखान्यात डॉक्टर खूप रागावले, आणि लगेच कामाला लागले. खडा निघाला. थोडा अधिक उशीर झाला असता, तर काढून उपयोग नव्हता.

सभागृहासमोर आजही रांग असते, पहिल्यापेक्षा थोडी आखूड. त्या रांगेतल्यांना शिव्या घालून काही होत नाही. दुखणं माणसाला कुठेही उभं करतं. शिव्या त्याला, जो त्या दुखण्यावर दिवा धरून बसतो. यंत्र लबाड नसतं आणि देवही नसतं. माणसांनी त्याला जे शिकवलं तेवढंच ते जाणतं, आणि त्याच्यापुढे जे धरलं तेवढंच ते बघतं. म्हणून चमत्कार दाखवणाऱ्याला भर सभेत विचारा, अंधार कशासाठी केलाय? आणि उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नका.